पहिल्या अनुसूचीला हात लावू नका : कोकणातल्या आमदार-खासदारांना खुलं पत्र

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या सर्व आमदार-खासदारांना,

स. न. वि. वि.

मी माणगाव तालुक्यातला भातशेतकरी. दोन एकर खलाटी, थोडी वरकस जमीन, वरकशीत काजू, गोठ्यात चार शेळ्या. आजवर तुमच्यापैकी कुणाकडे मी काही मागायला आलो नाही. रस्ता नाही, कुणाची बदली नाही, पोराला नोकरी नाही. आज मागतोय, आणि तेही जनावरांसाठी. आधी बिबट्यासाठी, आणि त्याच्या आडून लांडग्यासाठी.

बिबट्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतून, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीतून, काढून दुसरीत टाकावं, ही भाषा आता चहाच्या टपरीवरची राहिली नाही. ती सरकारात बसलेल्या माणसांच्या तोंडी आली आहे. आमच्याकडेही गावोगाव ठराव करून तुमच्या हाती द्यायची तयारी चालू आहे. हा बदल करायला संसदेत विधेयक आणावं लागत नाही. कायद्याच्या कलम ६१ नुसार केंद्र सरकारची एक अधिसूचना पुरते. म्हणून तर तुम्हाला लिहितोय. अधिसूचना दिल्लीत निघेल, पण तिच्यामागे जो रेटा लागतो तो तुमच्या पत्रांचा असेल.

लांडगा आमच्या गावात येत नाही. मग त्याचं नाव मी का काढलं, ते सांगतो.

भात कापून, झोडून झालं की मार्गशीर्षात बारामतीकडचे धनगर ताम्हिणी उतरून आमच्या शिवारात येतात. आमच्या घरी येणारे मामा माझ्या आजोबांच्या वेळेपासूनचे; म्हणजे तेव्हा त्यांचे वडील यायचे. मोकळ्या खाचरात ते वाडा बसवतात. चार मेखा ठोकायच्या, भोवती जाळीची वाघर ताणायची, आत तीनशे मेंढरं. सकाळी वाघर सोडली की मातीवर लेंड्यांचा सलग थर असतो आणि त्यातून वाफ निघत असते. एका रात्रीचं ठरलेलं भात आणि थोडी रोख आम्ही देतो. त्या खतावर येणारं पीक आणि युरियाच्या गोणीवर येणारं पीक यांतला फरक मला जेवताना कळतो.

रात्री त्यांच्या शेकोटीला बसलं की गोष्टी निघतात त्या लांडग्याच्याच. घाटावर लांडगा, इथे बिबट्या. मी एकदा विचारलं, "मामा, राग नाही येत?"

"येतो की. काठी घेऊन धावतो, कुत्री सोडतो, सुटलं तर सुटलं बकरं. पर आमची म्हातारी म्हनायची, ज्या साली लांडगं खांडव्यात आलं न्हाई त्या साली रोग येतो. देवाचा वाटा देवानं कुठनं तरी उचलायचाच."

हे ऐकायला भाबडं वाटेल. पण मामा अडाणी नाहीत. मेंढरांना लस कधी टोचायची आणि कुठल्या गावचा चारा यंदा खायचा नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे. मेंढरू गेलं की त्यांच्या घरातला पैसा जातो. ज्यांचं खरोखर जातं ते वाटा म्हणतात, आणि ज्यांच्या घरी शेळीसुद्धा नाही ते भर सभेत 'मारून टाका' म्हणतात. हे मला समजत नाही.

मामांच्या नातीच्या लग्नाला मी सुप्याकडे गेलो होतो, तेव्हा लांडगा पाहिला. मयूरेश्वर अभयारण्याच्या बाजूचा माळ, दिवस मावळायच्या बेताला. मामांनी माझं मनगट धरलं आणि हनुवटीने दाखवलं. वाळलेल्या गवताच्याच रंगाचं काहीतरी चालत होतं. कुत्र्यासारखं इकडेतिकडे हुंगत नव्हतं. एका रेषेत, मान खाली, लांब पायांनी. मधेच थांबून त्याने आमच्याकडे पाहिलं आणि परत चालू लागला. पळाला नाही. माळ संपेपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.

त्या जनावराच्या जातीचं काय केलं गेलं ते कागदावर आहे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत इंग्रज सरकारने बक्षिसं लावून मारवलेल्या लांडग्यांचा आकडा इतिहासकार महेश रंगराजन यांनी दोन लाखांच्या घरात काढला आहे. कातडं आणा, पैसे न्या. वाघ, बिबटे, रानकुत्रे सगळ्यांचीच अशी किंमत ठरलेली होती. रानकुत्र्यांवरची बक्षिसं तर स्वातंत्र्यानंतरही चालू होती. ती थांबली १९७२ चा हा वन्यजीव कायदा आला तेव्हा. आता अख्ख्या देशात मिळून लांडगे साधारण तीन हजार उरले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्या तालुक्यातल्या एका मोठ्या गावाची लोकसंख्याही याहून जास्त भरेल. आणि तेही माळरानांवर, म्हणजे ज्या जमिनीला सरकारी भाषेत पडीक म्हणतात, तिथे.

लांडगा आज पहिल्या अनुसूचीत आहे. उद्या बिबट्याला तिथून काढलं आणि कुणी विचारलं नाही, तर सोलापूर-पुण्याकडून परवा लांडग्यालाही काढायची मागणी येईल. कारणं तीच असतील, ठरावाची भाषाही तीच असेल. फक्त जनावराचं नाव खोडून दुसरं लिहायचं. म्हणून कोकणातल्या माणसाने बिबट्याच्या वेळीच बोलायला हवं.

आता दुसऱ्या अनुसूचीत टाकल्याने नेमकं काय होतं, ते गावच्या बैठकीत कुणी सांगत नाही. तिथे एवढंच सांगतात की 'मग सरकारला कारवाई करता येईल'. कारवाई आजही करता येते. कलम ११ वाचून पाहा. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवावर उठला, किंवा बरा न होण्याइतका जखमी-आजारी झाला, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारायची लेखी परवानगी देऊ शकतात. अट एवढीच, की त्याला पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही किंवा दुसरीकडे नेता येत नाही, याची त्यांची खात्री व्हायला हवी. नरभक्षक ठरलेल्या बिबट्याला गोळी घालायला कायदा आडवा येत नाही.

दुसऱ्या अनुसूचीत गेलं की दोन गोष्टी बदलतात. एक, माणसाच्या जिवाला धोका हे कारण लागत नाही. मालमत्तेला धोका पुरतो, उभं पीकसुद्धा त्यात धरलं आहे. म्हणजे एक शेळी गेली, पुरे. दोन, परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांनीच द्यावी असं राहत नाही, त्यांनी अधिकार दिलेला खालचा अधिकारीही देऊ शकतो. मग बांधावर पन्नास माणसं गोळा झाली आणि वर तुमचा फोन गेला, तर तो अधिकारी सही नाकारेल का? तुम्हीच सांगा. आणि याहून मोठी गोष्ट कलम ६२ ची. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याला केंद्र सरकार एखाद्या भागापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं उपद्रवी जाहीर करू शकतं. तसं झालं की त्या मुदतीत त्याला कायद्याचं कसलंच कवच नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत हे करताच येत नाही. ते दार बंद आहे, आणि तुम्हाला त्याचीच कडी काढायला सांगितली जाते आहे.

शिक्षेचंही तसंच. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, वर किमान पंचवीस हजारांचा दंड. दुसरीत ही किमान शिक्षेची अट उरत नाही.

या तीन वर्षांच्या भीतीने काय होतं ते मी पाहिलेलं आहे. आजवर हे कुठे बोललो नाही, आज लिहितो.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, काजू मोहोरला होता तेव्हा, आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला फासकीत बिबट्या सापडला. फासकी म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असेल, तरी लिहितो. मोटरसायकलच्या क्लचची तार, तिचा सरकफासा, कुंपणाच्या ज्या खिंडारातून रानडुक्कर येतं तिथे गुडघाभर उंचीवर टांगलेला, दुसरं टोक झाडाला. डुकरासाठी लावतात, मटणासाठी. तारेला डुक्कर आणि बिबट्या यांतला फरक कळत नाही. सांबर, भेकर, कोल्हा, गावातली कुत्री, जे येईल ते अडकतं.

मी पोचलो तेव्हा सात वाजले असतील. तार कमरेत बसली होती. आवाज येत नव्हता, नुसता श्वास ऐकू येत होता. आणि मी पाहत राहिलो ती जमीन. तार जिथवर पोचत होती तिथवर गोल, एकही पान, एकही काडी शिल्लक नव्हती. रात्रभर फिरून, ओढून, नखांनी खरवडून त्या जनावराने ती जागा अशी केली होती, की दिवाळीच्या आधी आम्ही खळं चोपून सारवतो, तशी. गोलाच्या कडेला काजूचं झाड, आणि त्याची साल माणसाच्या छातीएवढ्या उंचीपर्यंत सोललेली.

बेशुद्ध करणारं पथक लांबून येणार होतं. ते दुपारी एक वाजता आलं. तोवर बघ्यांची जत्रा जमली होती, मोबाइल वर धरलेले होते. बिबट्या गाडीत घातल्यावर वाटेतच गेला. मादी होती.

तार कुणाची हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. पंचनाम्यात 'अज्ञात इसम' असं लिहिलं गेलं. मला विचारलं तेव्हा मीही माहीत नाही म्हणालो. त्याची पोरं लहान होती, आणि उद्या त्याच्याच बांधावरून मला पाणी आणायचं होतं. ते माझं चुकलं.

पण त्यानंतरच्या रात्री काय झालं ते ऐका. तो माणूस बॅटरी घेऊन एकटाच वर गेला आणि ओढ्याच्या काठाने, बागांच्या कुंपणांतून आपल्या नऊ तारा काढून घेऊन आला. मी पडवीत बसलो होतो, माझ्यासमोरून गेला. म्हणाला, "शेड्यूल वन आहे रे. तीन वर्षं आत घालतात. जामीन पण होत नाही म्हणतात." त्याला कुणी समजावलं नव्हतं, कुणी जनजागृतीचा फलक लावला नव्हता. शेड्यूल वन, म्हणजे हीच पहिली अनुसूची, एवढे दोन शब्द त्याच्या कानावर होते, आणि नऊ तारा निघाल्या. पुढच्या मोसमात आमच्या वरकशीत फासकी दिसली नाही. वनरक्षकाच्या वाट्याला इतकी गावं असतात की तो बिचारा महिन्यातून एकदा फिरकतो. आमच्या रानाची राखण प्रत्यक्षात त्या भीतीने केली.

'शेड्यूल वनमधून काढला' ही बातमी त्याच माणसाच्या मोबाइलवर येईल तेव्हा तो कलम ११ वाचणार नाही. त्याला एवढंच कळेल, की आता चालतं. आणि फासकीला अनुसूची कळत नसल्यामुळे त्या नऊ तारांत भेकरही मरेल आणि कोल्हाही.

हे माझं मनचं नाही. जिथे संरक्षण सैल केलं तिथे काय झालं ते बघा. अमेरिकेत २०२० च्या शेवटी लांडग्यांचं केंद्रीय संरक्षण काढायचं ठरलं. विस्कॉन्सिन राज्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये शिकार खुली झाली. परवानाधारकांसाठी मर्यादा होती ११९ लांडग्यांची. तीन दिवसही झाले नाहीत तोवर २१८ मारले गेले होते, आणि तो त्यांचा विणीचा हंगाम. सगळी आधुनिक यंत्रणा, नोंदणी, वेळच्या वेळी हिशेब असलेल्या ठिकाणी ही गत. पुढे २०२२ मध्ये न्यायालयाने बऱ्याच राज्यांतलं संरक्षण परत आणलं, पण ते २१८ परत आले नाहीत. युरोपातही डिसेंबर २०२४ मध्ये बर्न कराराच्या, म्हणजे तिकडच्या वन्यजीव संरक्षणाच्या कराराच्या, देशांनी मतदान करून लांडग्याचा दर्जा 'काटेकोर संरक्षित'वरून 'संरक्षित'वर उतरवला. आता आपल्याकडचे काही जण त्याचाच दाखला देतात. तिकडे निदान किती मारले हे मोजणारं कुणीतरी आहे. आमच्या ओढ्याकाठी कोण मोजणार?

मोजण्याचा विषय निघालाच आहे तर. २०२२ च्या गणनेत देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे धरले गेले. आकडा वाढला, म्हणून संरक्षण कमी करा, असं म्हणतात. पण ती गणना मुख्यतः वाघांच्या जंगलांच्या पट्ट्यातली आहे. आपल्या कोकणातला बिबट्या राहतो काजूच्या बागांत, देवरहाटीत, गावामागच्या खाजगी रानात. ज्या रानाचा मालक मुंबईला असतो आणि जे दर दहा-बारा वर्षांनी लाकूडवाल्याला तोडायला दिलं जातं, त्या रानात. आधी ते रान कुणाकुणाला विकलं गेलं याचा हिशेब मांडा. डोंगरउतार जेसीबीने कापून बंगल्यांचे प्लॉट पडले आणि मग 'बिबट्या वस्तीत शिरला' अशी बातमी आली, असं माझ्या डोळ्यांदेखत तीन ठिकाणी झालंय. बिबट्या होता तिथेच होता.

जुन्नर-शिरूरकडे बिबट्याच्या हल्ल्यांत जी लेकरं गेली त्यांच्याबद्दल मला कुणी निर्दय म्हणू नये. माझीही नात अंगणात खेळते. संध्याकाळी तिला आत घेतल्याशिवाय माझी सून दिवा लावत नाही. पण उपाय करताना त्याच जुन्नरने शिकवलेलं विसरू नये. तिथे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी दिसेल तो बिबट्या पिंजऱ्यात धरून लांब नेऊन सोडायचा सपाटा लागला होता. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. ओळखीचं रान सुटलेलं, पिंजऱ्यात दात तुटलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं, की ते काय करणार? घाईने केलेला आणि टाळ्या मिळवणारा उपाय माणसांच्याच अंगावर येतो. बेछूट गोळीचंही तेच होईल. जो माणसावर गेला तोच मरेल याची खात्री कोण देणार, आणि जखमी होऊन निसटला तर?

मलाही बिबट्याने नुकसान दिलंय. २०१९ च्या पावसाळ्यात कुडाचा गोठा फाडून दोन शेळ्या नेल्या, त्यांतली एक गाभण. बायको दोन दिवस जेवली नाही. पंचनामा, पशुवैद्यकाचा दाखला, सातबारा, बँकेचं पासबुक, फोटो, सगळं दिलं. बाजारभावाच्या ७५ टक्के मिळतात असं सांगितलं. पैसे यायला अकरा महिने लागले आणि त्यासाठी कार्यालयात सात खेपा झाल्या. एका खेपेला भाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर शेवटी हाती काय राहिलं ते तुम्हीच ताडा. खरं सांगतो, त्या अकरा महिन्यांत माझ्याही तोंडी 'मारा एकदाचा' आलं होतं. तो राग बिबट्यावरचा नव्हता, हे नंतर कळलं.

पुढे मी स्वतः चिऱ्याची कंबरभर भिंत घातली, वर लोखंडी जाळी, दाराला आडणा. तेवीस हजार लागले, सोसायटीचं कर्ज काढून. त्यानंतर एकही शेळी गेली नाही. दोनदा पहाटे दाराशी पाऊल उमटलेलं होतं, पण आला तसा गेला.

म्हणून माझं मागणं हे. गोठ्याच्या जाळीला अनुदान द्या; फळबागेला देता, शेततळ्याला देता, तसंच. भरपाई महिन्याच्या आत खात्यावर टाका. बेशुद्ध करणारं पथक प्रत्येक जिल्ह्यात दोन ठिकाणी ठेवा, म्हणजे सात ते एक अशी वाट पाहायला लागणार नाही. शिमग्याच्या आधी, पारधीच्या दिवसांत वनखात्याने गावकऱ्यांना घेऊन फासक्या काढायची मोहीम करावी; आम्ही येतो, कुठल्या खिंडारात काय असतं ते आम्हाला ठाऊक आहे. मेंढपाळांना घाटावर आणि इथे, दोन्हीकडे, गेलेल्या मेंढराचा पंचनामा करून मिळावा. आज ते फिरस्ते म्हणून त्यांना कुठलाच तालुका आपला म्हणत नाही, आणि वैतागून कुणी लांडग्याच्या बिळात धूर केला की तोच गुन्हेगार ठरतो.

आणि अनुसूची बदलायच्या शिफारशीवर सही करू नका. पक्ष कुठलाही असो.

वाघबारशीला आमच्या वरच्या आदिवासीवाडीत अजून वाघदेवाला नारळ देतात. पट्टेरी वाघ त्या रानातून जाऊन किती पिढ्या झाल्या कुणास ठाऊक, दगड तेवढा उरला आहे, शेंदूर लावलेला.

धनगर यंदाही मार्गशीर्षात उतरतील. वाडा माझ्याच खाचरात असेल, रस्त्यापासून दहा मिनिटांवर. तुमच्यापैकी कुणी एका रात्रीपुरतं या. गाडी वर ठेवा, पोलीस बंदोबस्त नको, शेकोटीला बसा आणि मामांना विचारा, की लांडग्याला कायद्यातून काढायचं का. त्यांनी हो म्हटलं तर मी हे पत्र मागे घेईन.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
माणगाव तालुक्यातला एक भातशेतकरी